अधिक महिना कोणाचा

माझे सासरे दशरथ धुरी यांनी आयुष्यभर मुलुंड पूर्वेला मिरच्या कुटल्या आणि जाताना मुलांची भांडणं होऊ नयेत म्हणून एक तोडगा ठेवून गेले. तोडग्यात दोष एकच होता. तो त्यांनी स्वतः कधी वापरून पाहिला नव्हता.

त्यांचा मसाला कांडपाचा डंक होता, एका सोसायटीच्या तळमजल्यावर, मालकीच्या गाळ्यात. लोखंडी मुसळं ओळीने वर जातात आणि खालच्या उखळांत धाडधाड आपटतात. उखळांत भाजलेली मिरची, धणे, दगडफूल आणि ज्याच्या त्याच्या सासूने सांगितलेलं बाकीचं. उन्हाळ्यात मुलुंड-भांडुपचे कोकणातले लोक वर्षाचा मसाला इथून कुटून नेतात. पाऊस लागला की डंक झोपतो, कारण ओल्या हवेत मिरची कुटायची म्हणजे चटणी करायची. तेव्हा धंदा काय तो उन्हाळ्याचा. पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

गावच्या देवळात मानकऱ्यांची घराणी आळीपाळीने पूजा बघतात आणि तिथे कधी तंटा झाला नाही, असं सासरे सांगत. (झाला होता. पण तो कोर्टात असल्यामुळे गावात दिसत नसे.) त्याच धर्तीवर त्यांनी डंक दोन मुलांना वाटून दिला. चैत्र थोरल्या जयवंतचा, वैशाख धाकट्या निलेशचा, ज्येष्ठ परत जयवंतचा, असं वर्षभर. महिने मराठी, कारण इंग्रजी महिने बँकांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेत असं त्यांचं मत होतं.

दोघांच्या मधली मुलगी मानसी. ती माझी बायको. तिच्या वाट्याला महिना आला नाही, कारण देवळात मुलींना महिना नसतो. शाळा सुटली की दप्तरासकट डंकावर जाऊन बसणारी घरात ती एकटीच होती. भाऊ तेव्हा मैदानात असत. लग्नानंतर ती घाटकोपरला आली, एका डॉक्टरकडे रिसेप्शनला लागली. बाबांनी मला काही का दिलं नाही, असं तिने कधी विचारलं नाही. फक्त दर उन्हाळ्यात आमच्या घरचा मसाला ती स्वतः जाऊन कुटायची आणि ज्या भावाचा महिना असेल त्याला "जा, चहा पिऊन ये," म्हणून बाहेर काढायची. भाऊ चहा पिऊन सावकाश यायचे.

दोघे भाऊ एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. तरी अमावस्येला डंकाची किल्ली सासूबाईंच्या हातून जायची. महिना संपताना जयवंत मशीनचा पट्टा सैल करून ठेवायचा, म्हणजे निलेशचा पहिला दिवस पट्ट्यात जावा. निलेश जाताना भाजायचे झारे लपवायचा. गिऱ्हाइकांनीही पक्ष निवडले होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई जयवंतच्या महिन्यात मसाला करायच्या आणि त्यांची सख्खी जाऊ निलेशच्या. त्यामुळे त्या घरात दोन बरण्या आणि दोन चुली झाल्या, असं ऐकलं. त्याचं पाप कुणाच्या माथी, ते ठरायचं आहे.

तर हे सगळं सुरळीत चाललं होतं आणि यंदा अधिक महिना आला.

तीन वर्षांच्या आसपास पंचांगात एक महिना जादा निघतो, हे धुऱ्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो वाटणीत कुठे बसवायचा, हे सासऱ्यांना सुचलं नव्हतं. मागचा अधिक श्रावणात आला होता. तेव्हा सासरे नुकतेच गेलेले, डंक बंद, कुणाचं लक्षही गेलं नाही. यंदा तो ज्येष्ठाच्या आधी आला, अर्धा मे आणि अर्धा जून घेऊन. म्हणजे पाऊस यायच्या आत मसाला करून घ्या, अशी सगळ्या उपनगराची घाई चालते, नेमके ते दिवस.

चैत्रातल्या एका रविवारी सासूबाईंच्या घरी जेवण झाल्यावर हा विषय निघाला.

"त्यात काय बोलायचंय? ज्येष्ठ माझा," जयवंत म्हणाला. "यंदा ज्येष्ठ दोन आहेत. दोन्ही माझे. सिंपल."

"वा रे वा!" निलेश म्हणाला. "मे महिना कायम माझ्या वैशाखात येतो, दादा. पोरांना सुट्टी, लोकांना घाई, सगळी पब्लिक मेमध्ये. यंदा अर्ध्या मेमध्ये तुझा अधिक घुसला."

"माझा नाही घुसला. पंचांगाचा घुसला. पंचांगवाल्याशी भांड."

"अधिक म्हणजे काय? जादा. जादा निघालेलं अर्धं-अर्धं होतं."

"अर्धं-अर्धं नंतर. माझे झारे कुठे ठेवलेस ते सांग आधी."

"मला काय माहीत? पट्ट्याला विचार. तो सैल कोण करतं तेही विचार."

जयवंतने तिथूनच मुलुंडच्या एका भटजींना फोन लावला. निलेशने गॅलरीत जाऊन ठाण्याच्या भटजींना लावला. दोन्ही भटजींनी एकच सांगितलं: अधिकात दान करावं आणि वाद टाळावा. दोघा भावांनी त्यातून एकच अर्थ काढला, की समोरच्याने दान करावं आणि वाद टाळावा.

संध्याकाळपर्यंत प्रकरण असं आलं, की तू कुलूप लावलंस तर मी दुसरं लावीन. आणि मग एकदम, कुणी आधी म्हटलं ते कळलंच नाही, पण दोघंही म्हणाले, "विकून टाकू."

तीन वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मी आनंदाने काहीतरी बोलणार, इतक्यात मानसीकडे लक्ष गेलं. ती फिल्टरखाली बाटली धरून उभी होती. बाटली भरून पाणी तिच्या पायांवर वाहत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "शिवा, हे खरंच विकतील रे."

"विकू देत. तुला काय?"

"मला काय काय? मला तो हवाय."

"काय हवाय?"

"डंक."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझ्याकडे कधी फ्रिजही मागितला नव्हता. मी म्हटलं, "मग सांग ना भावांना."

"सांगून मिळायला मी काय फ्रॉक मागतेय का?"

दुसऱ्या दिवशी जयवंतचा तिला फोन आला. गिऱ्हाईक बघतोय, आणि तुझी एक सही लागेल, हक्कसोडीवर, फॉर्मॅलिटी आहे. कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. पण आपल्याकडे पद्धत अशी, की बहीण सही करते, भाऊ साडी घेतात आणि चारचौघं म्हणतात, बहीण मनाने मोठी. सगळा व्यवहार साडीच्या किमतीत आटपतो. मानसी फोनवर "बघू" म्हणाली. बघू म्हणजे हो, असं जयवंतने गृहीत धरलं, कारण आजवर बहिणीचं बघू म्हणजे होच असायचं.

गिऱ्हाईकही मिळालं, निलेशच्या ओळखीतून. मुलुंड पश्चिमेचे हसमुखभाई. त्यांना गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकायची होती. भाव ठरला, वैशाख संपत आला, आणि सहीचा दिवस विचारायला गेलेल्या दोघा भावांना हसमुखभाई म्हणाले, "अधिक में सौदा? क्या बात करते हो, जयवंतभाई! अच्छा काम अधिक में नहीं करते. निज में आओ."

म्हणजे अधिक संपून खरा ज्येष्ठ लागेपर्यंत विक्री होणार नव्हती. आणि ऐन मोसमातला हा एक महिना कोणाचाच नव्हता. वैशाखाचे दोन-चार दिवस बाकी होते, तेव्हाच दोन्ही भावांनी डंकाला आपापलं कुलूप ठोकलं. बाहेर लोक मिरच्यांच्या पिशव्या घेऊन येत, दोन कुलुपं बघत आणि परत जात.

वैशाखी अमावस्येला सासूबाईंनी सगळ्यांना बोलावलं. सोनूबाई धुरी बोलतात कमी. मुंबईत आयुष्य गेलं, पण राग आला की मालवणीत जातात.

"चावयो हंय ठेवा," त्या म्हणाल्या. "दोनव."

दोघांनी किल्ल्या ठेवल्या.

"अधिक महिनो कोणाचो म्हणान भांडतास ना? अधिक महिनो जावयाचो. लहान पोराक विचारलात तरी सांगात."

मी जावई असल्याचं सगळ्यांना, आणि सगळ्यात शेवटी मला, आठवलं. अधिकात जावयाला वाण देतात, ताटभर अनारसे देतात, हे खरं. पण मी विमा कंपनीत आहे. मिरचीशी माझा संबंध वड्याबरोबरच्या हिरव्या मिरचीपुरता.

"अहो आई, मला अनारसे द्या," मी म्हणालो. "नुसतं ताट दिलंत तरी चालेल. डंक नको."

"अनारसे करूक आता माझे हात चलनत नाय. डंक घेवा."

"पण आई, भावजींना त्यातलं काय कळतं?" निलेश म्हणाला.

"तां माका काय करूचा? मी जावयाक दिलंय. तो बायलेक देयत, नायतर खाडयेत टाकीत."

जयवंतने निलेशकडे पाहिलं. निलेशला महिना मिळत नव्हता. निलेशने जयवंतकडे पाहिलं. जयवंतलाही मिळत नव्हता. दोघांच्याही चेहऱ्यांवर समाधान पसरलं. किल्ल्यांकडे हात कसा न्यावा, याचा मी विचार करत होतो, तोवर मानसीने दोन्ही किल्ल्या उचलून पर्समध्ये टाकल्या होत्या. पर्सची चेन तिने इतक्या जोरात ओढली, की सासूबाई पहिल्यांदा हसल्या.

डॉक्टरांकडे रजा टाकून मानसी दुसऱ्या दिवसापासून डंकावर उभी राहिली. झारे मीटरच्या पेटीमागे सापडले. पट्टा घट्ट केला तो कायमचाच. पहिल्या तासात समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या बाई आल्या, दारातच थबकल्या.

"आम्ही जयवंतच्या महिन्यातले. हा महिना कुणाचा आहे? म्हणजे, चालेल ना?"

"मिरची वाळलीय का?" मानसीने विचारलं.

"कडकडीत."

"मग चालेल."

"पण तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

"मी दशरथ धुऱ्यांच्या बाजूची. धणे वेगळे भाजलेत ना? द्या इकडे."

दुपारी त्यांची जाऊही आली. दोघी एकाच बाकावर, एकमेकींकडे पाठ करून बसल्या. संध्याकाळी निघताना एकीच्या पिशवीचा बंद तुटला तेव्हा दुसरीने पिशवीखाली हात दिला. त्यापुढचं मला माहीत नाही. पण नंतर त्या दोघींचा मसाला एका डब्यात गेलेला मी पाहिला.

मी नावाचा मालक होतो. शनिवार-रविवारी नंबराचे बिल्ले वाटणं आणि शिंकणं ही दोन कामं माझ्याकडे होती. दुसरं मी जास्त मन लावून केलं. मानसी तोंडाला ओढणी बांधून कोपरापर्यंत लाल झालेली असायची. रात्री घरी आली की सोफ्यावर बसू नकोस म्हणायची सोय नव्हती, आणि तशी इच्छाही झाली नाही. ती दमलेली असायची, आवाज बसलेला असायचा, आणि जेवताना मध्येच स्वतःशी हसायची. हे मी घाटकोपरच्या घरात आधी पाहिलं नव्हतं. आणि महिना संपत चालला होता, हे तिलाही दिसत होतं. ते आठवलं की ती हसायचं थांबायची.

भाऊ पहिल्या रविवारी वेगवेगळे येऊन गेले. जयवंतने पट्टा चाचपला, निलेशने झारे मोजले आणि दोघंही निघून गेले. नंतर आलेच नाहीत. जयवंत बायकोमुलांना घेऊन गावी गेला आणि तिथून फणसाचे फोटो पाठवत राहिला, वेगवेगळ्या बाजूंनी, एकाच फणसाचे. निलेशच्या घरून त्याची बायको रश्मी मानसीला म्हणाली, "ताई, रात्रीचा खोकला गेला हो ह्यांचा. इतके शांत झोपतात, की मी काल हलवून बघितलं, आहेत ना म्हणून."

यातून मला काहीतरी कळायला हवं होतं. कळलं नाही. मी साडीच्या काळजीत होतो.

साडी आलीच. अधिक संपला, निज ज्येष्ठ लागला आणि सकाळीच दोघे भाऊ डंकावर हजर झाले. जयवंतच्या हातात हक्कसोडीचे कागद, निलेशच्या हातात साडीचा खोका. आभाळ भरून आलेलं, म्हणून शेवटची गिऱ्हाइकं बाकावर दाटीवाटीने बसलेली. मानसी उखळात झारा फिरवत होती.

"ताई, पाच मिनिटांचं काम आहे," निलेश ओरडून म्हणाला. मुसळांच्या आवाजात ओरडावंच लागतं. "हसमुखभाई थांबलेत. इथे एक सही, इथे एक."

मानसीने मशीनचं बटण बंद केलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. ओरडायच्या सवयीने तिने ते ओरडूनच म्हटलं आणि मशीन बंद होतं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

"साडी आवडली नाही का?" निलेशने विचारलं.

"साडी चांगली आहे. ठेव तिथे गोणीवर. सही नाही."

"मानसी, हे बरोबर नाही," जयवंत म्हणाला. "बाबांच्या मागे आपण..."

"दादा, बाबा असताना मी शाळेतून येऊन इथे बसायची. तेव्हा तू कुठे असायचास?"

जयवंतने थोडा विचार केला. "मैदानात," तो म्हणाला. माणूस प्रामाणिक आहे.

"मग ऐक. मला हा डंक विकायचा नाही. मी चालवणार. आईचा, तुझा, निल्याचा, ज्याचा त्याचा वाटा घरपोच देईन. वकील आणा, कागद करा, काय हवं ते करा. पण महिनेबिहिने बंद. सगळे महिने माझे."

मी बिल्ल्यांचा डबा खाली ठेवला आणि दोन पार्ट्यांच्या मध्ये उभा राहिलो. मारामारी झाली तर मध्ये पडायचं की बाजूला व्हायचं, याबाबत माझं अजून ठरलं नव्हतं. बाकावरच्या बायकांनी पिशव्या मांडीवर घेतल्या.

जयवंतने घसा साफ केला. "सगळे म्हणजे... चैत्रसुद्धा?"

"चैत्रसुद्धा."

"आणि ऑइलिंग, पट्टा, वजनकाट्याचं सर्टिफिकेट?"

"मीच बघणार."

"आणि आवाजाच्या कंप्लेंट? तो तिसऱ्या मजल्यावरचा दर आठवड्याला लिहितो."

"त्याचाच मसाला आहे आत्ता उखळात."

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद झाली.

"एक विचारू?" निलेश म्हणाला. "म्हणजे दादाला परत मिळणार नाही ना?"

"नाही."

"आणि ह्याला?" जयवंतने विचारलं.

"त्यालाही नाही."

"नक्की?"

"नक्की."

जयवंत मागे सरकला आणि धण्याच्या पोत्यावर मटकन बसला. "सुटलो, च्यायला," तो म्हणाला.

"काय म्हणालास?" निलेशने विचारलं.

"सुटलो म्हणालो. मिरचीच्या वासाने माझे डोळे चुरचुरतात, पहिल्यापासून. चैत्र आला की मला रडू यायचं. खरोखरचं."

"मग सोडला का नाहीस?"

"मी सोडला असता तर तू घेतला असतास ना!"

"मी?" निलेशचा आवाज चिरकला. "मला वैशाखात दम्याचा पंप लागतो, दादा! रश्मीला विचार. मी तर तुला मिळू नये म्हणून..."

तो थांबला. तीन वर्षं एकमेकांना छळायला दोघांनी जो डंक चालवला, त्याने छळ फक्त ज्याचा त्याचाच केला होता, हे हळूहळू दोघांच्या ध्यानात येत होतं. जयवंत आधी हसला. मग निलेश हसला, हसता हसता खोकला, आणि जयवंतने त्याच्या पाठीत दोन धपके घातले. एक खोकल्यासाठी होता. दुसरा झाऱ्यांसाठी असावा.

"झाऱ्यांचं राहू दे," मानसी म्हणाली. तिने ओढणीने डोळे पुसले, आणि ओढणीला मिरची होती. पुढची काही मिनिटं तिचं तोंड धुण्यात गेली. मी तांब्याने पाणी ओतत होतो. ती शिव्या देत होती, भावांना, मला, मिरचीला. इतक्या आनंदाने दिलेल्या शिव्या मी आजवर खाल्ल्या नव्हत्या.

"हसमुखभाईला कोण सांगणार?" जयवंतने विचारलं.

"तू मोठा आहेस."

"गिऱ्हाईक तू आणलंस."

"भाव तू ठरवलास."

"बरं, दोघं जाऊ. बोलायचं तू."

"का, तुला तोंड नाही?"

ते निलेशच्या स्कूटरवर बसले. तीन वर्षांत एका गाडीवर पहिल्यांदाच. हेल्मेट कोणी घालायचं यावरून गेटपाशी पुन्हा थांबले, तेवढं मला दिसलं.

बाकावरच्या पहिल्या बाई उठल्या. "ताई, तुमचं झालं असेल तर माझी मिरची घ्या. आभाळ बघा जरा."

मानसीने त्यांची पिशवी उखळाकडे नेली आणि बटण दाबलं. मुसळं एकामागून एक खाली आली. एवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"काय झाला?" एवढं ऐकू आलं. पुढचं काही नाही. मी ओरडून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनाही काही ऐकू जाईना. मग मी नाद सोडला आणि फोन डंकाच्या दिशेने धरून उभा राहिलो, बराच वेळ.

पुन्हा कानाला लावला तेव्हा त्यांनी फोन ठेवलेला होता.